दोन कोट आणि न थांबणारी गाणी

गल्लीत त्यांना सगळे ‘बाजूवाले काका’ म्हणायचे. कुणाची बाजू घेऊन भांडायला जाणाऱ्यांतले ते नव्हेत. भांडण दिसलं की मान खाली घालून पलीकडच्या फुटपाथला लागणारे. नाव पडलं ते धंद्यामुळे. काका कपडे रंगवायचे. विटलेला शर्ट, उन्हानं पांढुरका पडलेला पडदा, पहिल्याच दिवशी शाई सांडलेला नवाकोरा टेबलक्लॉथ, असलं काहीबाही घेऊन लोक यायचे आणि काका ते रंगाच्या हंड्यात घालून पुन्हा माणसांत आणायचे. कधी मिळेल म्हणून विचारलं तर दुसरा कुणी सांगेल संध्याकाळी या, परवा या. काका म्हणायचे, एका बाजूचं काम आहे, बसा. नाहीतर, काळा म्हणताय ना, मग दोन्ही बाजू लागतील, तोवर बाजार करून या.

बाजू म्हणजे रेकॉर्डची बाजू. दुकानात घड्याळ नव्हतं. म्हणजे भिंतीवर एक होतं, सासऱ्यांनी दिलेलं, पण हंड्याच्या वाफेनं काचेच्या आत असं धुकं धरलेलं की काटे आहेत की निघून गेले तेही कळू नये. वाफ पोचणार नाही अशा उंच फळीवर रेकॉर्ड प्लेअर होता. पाणी तापलं, रंगाची पूड विरघळली, कपडा आत गेला, की काका हात कोरडे करून तबकडी लावत, सुई टेकवत आणि लाकडी दांडा घेऊन हंड्यापाशी उभे राहत. गाणं संथ तर दांडा संथ. गाणं पळायला लागलं की दांडाही पळायचा. बाजू संपून सुई शेवटच्या चरात खरखरायला लागली की कपडा बाहेर. त्या खरखरीला ते घंटा म्हणायचे.

एकदा एका बँकेतल्या साहेबांनी सुचवलं होतं, की काका, साधं घड्याळ का वापरत नाही. काकांनी त्यांना आपल्या जागी उभं केलं, हातात दांडा दिला आणि म्हणाले, घड्याळ तुम्हाला किती वेळ ते सांगेल, हात कसा फिरवायचा ते कोण सांगणार? रंग नुसत्या वेळानं चढत नाही. सुरुवातीला घाई केली तर ठिपके पडतात, मधे आळस केला तर घडीच्या रेषा उमटतात. साहेबांचा शर्ट तेवढ्यात हंड्यातच होता, तो त्यांनी स्वतःच ढवळला, आणि पाठीवर पडलेला ढग कौतुकानं वर्षभर मिरवला.

तर प्रत्येक रंगाला एक अल्बम होता. हे काही एका दिवसात ठरलं नाही. कित्येक कपडे वाया घालवून ठरलं. हिरव्याला बासरीची एक तबकडी, तांबड्याला एक उडता बँड, ज्याचे ढोल ऐकून शेजारचा चांभार खिळे वाकडे मारायचा. आणि गडद निळ्याला ती. तिचं नाव काका घेत नसत, ‘बाई’ म्हणायचे. घोगऱ्या गळ्याची गायिका, सर्दी झाल्यासारखा आवाज, मुखपृष्ठावर खिडकीकडे तोंड करून पाठमोरी उभी. पहिल्या बाजूचं पहिलं गाणं इतकं संथ की नवख्याला वाटावं प्लेअर बिघडला.

हंडा ढवळता ढवळता काका मतं सांगायचे. गिऱ्हाइकाला कपडा सोडून जाता येत नसे, त्यामुळे श्रोत्यांची ददात नव्हती. अल्बम म्हणजे जिना, असं त्यांचं म्हणणं. गाणाऱ्यानं पायऱ्या मोजून मापून लावलेल्या असतात. मधेच एक पडेल गाणं असतं, सगळ्या अल्बमांत असतं, लोक नाक मुरडतात. पण ती जिन्यातली मधली सपाट जागा असते, तिथे माणूस उभा राहून दम खातो. ती काढून टाकली तर वर पोचेपर्यंत छातीचा भाता होणार, आणि दोष शेवटच्या गाण्याला. गाणं मधेच तोडणं तर त्यांच्या हिशेबी पापच. मुलगा झाला तेव्हा दवाखान्यातून निरोप आला होता आणि नेमकी सुई टेकलेली. काका बाजू संपवून गेले. त्यांच्या बायकोनं पुढची सगळी वर्षं, भाजी चिरताना, कपाट आवरताना, कुठलंही कारण नसताना, ते वाक्य जपून वापरलं, “तुम्ही काय, बाजू संपल्यावर याल.”

हे वेड त्यांना लावलं होतं समोरच्या रेडिओवाल्यानं. रेडिओ दुरुस्त करायचं त्याचं दुकान एवढंसं होतं, की गिऱ्हाईक आत आलं तर याला बाहेर यावं लागे. किडकिडीत माणूस, खिशात नेहमी पेचकस. कुणीतरी टाकून दिलेला रेकॉर्ड प्लेअर त्यानं जिवंत करून काकांच्या फळीवर ठेवला आणि सोबत ती बाईंची तबकडी. पुढं दोघांनी त्या बाईंचा दुसरा अल्बम शोधायला सुरुवात केली. पहिल्याच्या पाठीवर बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं, की दुसरा येत आहे. आला की नाही कुणास ठाऊक. सुट्टीच्या दिवशी जुन्या बाजारात, मोडीत काढलेल्या सामानाच्या ढिगांत, एकदा तर दूरच्या एका गावच्या लिलावात दोघं जाऊन आले. बाईंचं दुसरं लग्न झालं, दुसरं घर झालं, अशा बातम्या मिळाल्या. दुसरा अल्बम मिळाला नाही. रेडिओवाला म्हणायचा, मिळाला की पहिली बाजू तुझ्या दुकानात आणि दुसरी माझ्या दुकानात वाजवायची. त्याच्या दुकानात दोघं मावणार कसे, ते मिळाल्यावर बघू.

रेडिओवाल्याची बायको टपाल खात्यात होती, काका तिला वहिनी म्हणायचे. ती त्याच्याएवढीच उंच, हा तिच्याएवढाच बारका. दोघांच्या अंगाला एकच माप बसायचं. लग्नानंतर दोघांनी एकाच ताग्यातून एकसारखे लोकरी कोट शिवून घेतले, फिक्या राखी रंगाचे, आणि तिथून घोळ सुरू झाला. सकाळच्या घाईत हा तिचा कोट घालून जायचा, ती त्याचा. ती टपालाच्या खिडकीत बसून खिशात हात घालायची तर पेचकस. हा दुकानाच्या कुलपासमोर उभा आणि खिशात पोस्टाचे शिक्के. शेवटी रेडिओवाला आपला कोट घेऊन काकांकडे आला आणि म्हणाला, ह्याला निळा कर, संसार वाचव. बाईंची पहिली बाजू वाजली, कोट गडद निळा झाला, संसार वाचला.

तो रेडिओवाला मागच्या थंडीत गेला. दुखणं नाही, खुपणं नाही, दुकानाच्या पायरीवर बसल्या बसल्या. काकांनी त्या दिवशी काही वाजवलं नाही, आणि मग पुढच्या काही दिवसांत प्लेअरचा पट्टाही सैल पडला. बाई गाता गाता झोपी जाऊ लागल्या. पट्टा बदलणारं माणूसच राहिलं नव्हतं. काकांनी प्लेअरवर एक फडकं टाकलं आणि विषय बंद केला.

तसे काका त्याआधीपासूनच थकले होते. झोप काढून उतरावं असलं ते थकणं नव्हतं. खांदा दांड्याच्या चालीनं झिजलेला, गुडघे रात्री वेगळ्या खोलीत झोपवावेत असे वैतागवाणे, रंग पक्का करायच्या व्हिनेगरचा वास कातडीत इतका मुरलेला की नातेवाईक मिठी मारताना श्वास धरायचे. मुलगा लांब पल्ल्याची बस चालवायचा. घरी आला की म्हणायचा, बाबा, बंद करा आता, जागा कुणालाही देऊन टाकू. काका होही म्हणायचे नाहीत आणि नाहीही. कारण गेली काही वर्षं सून दुकानात यायला लागली होती आणि तिचा हात चांगला होता. रंगाची पूड मोजणं, लोकरीला किती गरम पाणी चालतं, हे तिनं पटकन उचललं. कपडा हंड्यात जायच्या आधी खिसे तपासून फाटलं-उसवलं शिवायचं, ही त्या दुकानाची जुनी रीत, ती तर काकांपेक्षाही नीट पाळायची. तिला फक्त थांबायचं कधी हे कळत नव्हतं, असं काकांचं मत. तिला संपूर्ण बाजू ऐकायची सवयच नव्हती. फोनवर गाणं लावायची, अर्ध्यात आवडेनासं झालं की बोटानं पुढं ढकलायची.

यावरून दोघांची रोज जुंपायची, पण गोडीत. काका म्हणायचे, तुझ्या फोनमध्ये सगळी गाणी आहेत गं, पण एस्टी स्टँडवरच्या गर्दीसारखी, कुणी कुणाचं नाही. अल्बम म्हणजे एका घरातली माणसं आपापल्या जागी जेवायला बसलेली. आणि ह्या तुझ्या यंत्राची मोठी खोड म्हणजे ते दमत नाही. तबकडी दमते. बाजू संपली की उठावं लागतं, पाठ सरळ होते, घोटभर पाणी पिऊन माणूस ती उलटतो. हा आपला गातोच आहे, गातोच आहे, आणि ऐकणारा एकटाच दमतो.

सून एकदा ऐकून घेत कपडे पिळत होती. मग म्हणाली, “बाबा, माझ्या माहेरी गाणं म्हणजे शेजारच्यांचं. भिंतीला कान लावून ऐकायचो. त्यांनी मधेच बंद केलं की आमचंही बंद. शेवट काय झाला, ते मी कितीतरी गाण्यांचं लग्न झाल्यावर ऐकलं. मला न थांबणारंच बरं वाटतं.”

काकांचा दांडा थोडा वेळ उगाच फिरत राहिला.

तर अशात वहिनी आल्या, हातात आपला राखी कोट. दोन्ही मुली सुट्टीत यायच्या होत्या. मोठी म्हणत होती वडिलांचा कोट मला, धाकटी म्हणत होती मला, आणि फोनवर दोघींचे आवाज चढायला लागले होते. आईचा कोट कुणी मागितला नव्हता, हे वहिनींनी हसत सांगितलं, पण सांगितलं. त्यांनी मनाशी ठरवलं होतं, की आपलाही कोट तसाच निळा करून घ्यायचा आणि दोन्ही मुलींपुढं दोन सारखे कोट ठेवायचे. कुठला कुणाचा ते सांगायचं नाही. एकेक उचला.

“ओळखू येता कामा नये, भावजी,” त्या म्हणाल्या. “आधी ओळखू यावा म्हणून ह्यांचा रंगवलात. आता उलटं करा.”

काकांनी कोट घेतला. एका बाजूचं काम होतं. फक्त ती बाजू वाजवायला यंत्र नव्हतं. सुनेनं फोन काढला, बाईंचं नाव विचारून घेतलं, शोधलं, आणि खरोखर कुणा भल्या माणसानं त्या तबकडीची नुसती पहिली बाजू तिथे चढवून ठेवली होती. काकांनी नाक मुरडलं, पण मनात बरं वाटलं. सुनेला दोन घरी कपडे पोचवायचे होते. तिनं फोन फळीवर उभा केला, फडक्याखालच्या प्लेअरला टेकवून, आणि गाणं लावून निघाली.

पहिलं गाणं सुरू झालं. काकांनी डोळे मिटले. खांदा आपोआप चालायला लागला. फोनवर बाईंचा आवाज जरा जास्तच धुऊन पुसून आल्यासारखा वाटत होता, सर्दी थोडी कमी, पण गाणी तीच, क्रम तोच. पडेल गाण्याला काकांनी दम खाल्ला. शेवटच्या गाण्याला व्हायोलिन एका खालच्या सुरावर येऊन थांबलं. आता घंटा.

घंटा झाली नाही. फोनमध्ये चर नव्हता, खरखर नव्हती. त्या सुराच्या शेपटीलाच दुसरं गाणं लागलं. आवाज बाईंचाच. आणि गाणं काकांनी आयुष्यात ऐकलेलं नव्हतं.

पहिल्या ओळीला त्यांना वाटलं आपल्याला डुलकी लागली. दुसऱ्या ओळीला कळलं. हाच तो. जुन्या बाजारात, भंगारात, लिलावात हुडकलेला तो दुसरा अल्बम, सूनबाईच्या फोननं न सांगता, न मागता पुढं आणून ठेवला होता, जसा वाढपी तिसऱ्यांदा पानात वाढतो तसा. बाईंचा गळा आणखी घोगरा झाला होता, वय जाणवत होतं. गाणी आणखी संथ. काकांचा दांडा त्यांच्यामागं फिरत राहिला. रेडिओवाला शेजारी उभा असता तर काय म्हणाला असता, कुठल्या जागी मान हलवली असती, एवढंच त्यांच्या डोक्यात. मधेच गाणं तुटून गादीची जाहिरात लागली. एक पुरुष खणखणीत आवाजात विचारू लागला, की तुमची पाठ तुम्हाला काय सांगते. काका दांडा वर धरून थांबले आणि त्या माणसाला काय सांगावं याचा विचार करू लागले, तोवर बाई परत आल्या आणि दांडा परत चालू झाला.

सून दारातून आत आली तेव्हा बाई एका गाण्याच्या दुसऱ्या कडव्यात होत्या, ‘परत’ या शब्दावर.

“बाबा,” सून म्हणाली, “तो कोट अजून आतच?”

दोघांनी मिळून कोट वर काढला. ओला कपडा गडदच दिसतो, वाळल्यावर उतरेल, असं सून म्हणत राहिली. काकांना माहीत होतं कितपत उतरेल. धुतला, झटकला, सावलीत वाळवला. दुसऱ्या दिवशी उन्हात धरला तेव्हा तो निळा होता हे कळत होतं. सावलीत मात्र रात्रच.

वहिनींचं घर दुसऱ्या मजल्यावर. काका मधल्या सपाट जागी दोनदा थांबले, आणि दम खाण्याचं कारण जिना नव्हतं. वहिनींनी दार उघडलं, कोट पाहिला, तो खिडकीशी नेला आणि त्याच्यावर रेडिओवाल्याचा कोट ठेवला. दोन कोटांत एक अख्खी संध्याकाळ मावेल एवढं अंतर होतं.

काकांनी सगळं सांगितलं, मान वर न करता. गडद झालेलं पुन्हा फिकं करता येत नाही, हे सांगितलं. लोकर सोलवटेल. मग म्हणाले, की फिकं असतं ते गडद करता येतं. पुढचं वाक्य त्यांना तोंडातून काढवेना.

वहिनींनीच ते पुरं केलं. “म्हणजे ह्यांचा कोट घालायचा आत.”

तो रंग काकांनीच चढवला होता, मित्र समोर स्टुलावर बसलेला असताना. मित्राचं जसंच्या तसं असं जगात तेवढंच उरलेलं होतं. वहिनींनी बाहीवरून हात फिरवला, कॉलरला नाक लावलं, आणि हे काम चोरून करावं तसं चटकन संपवलं. मग त्यांनी विचारलं, की नेमकं झालं काय, इतकी वर्षं चुकला नाहीत ते आता कसे चुकलात. काका म्हणाले, फोन थांबला नाही. पुढं ती गाणी लागली.

“कुठली?”

“ती.”

जुन्या बाजाराच्या सगळ्या चकरा, रविवारची थंड झालेली जेवणं वहिनींनाही ठाऊक होती. “मिळाली?” त्या म्हणाल्या. काकांनी मान हलवली.

वहिनींनी कोटाची घडी घातली. बराच वेळ लागला घडी घालायला. “मग ह्यांनाही ऐकवा,” त्या म्हणाल्या. “तुम्ही एकट्यानं ऐकलीत हे काही बरोबर नाही.”

हिशेब खरं तर सोपा होता. रेडिओवाल्याच्या कोटाला पहिल्या तबकडीची पहिली बाजू आधीच मिळालेली होती. कमी होतं ते फोननं नंतर वाढलेलं, तेवढंच. तेवढंच आणि तितक्याच चालीनं दिलं तर दोन्ही कोट एका रंगाला येतील. नाही आले तर दोन्ही गेले, आणि मग काका दांडा परत हातात धरणार नव्हते. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही, पण सुनेला ते त्यांच्या चप्पल काढण्यावरून कळलं.

वहिनी स्वतः आल्या आणि त्याच स्टुलावर बसल्या. सुनेनं रीतीप्रमाणे खिसे पाहिले, काहीतरी शिवलं, दोरा दातानं तोडला. पाणी तापलं. त्याच पुडीतला रंग, तेवढाच. काकांनी दांडा उचलला आणि त्यांचा खांदा वर जाईना. आदल्या दिवशीच्या जागरणानं असेल, धास्तीनं असेल. सुनेनं दांडा त्यांच्या हातातून घेतला. काकांनी तिला घेऊ दिला.

फोन फळीवर. दुसऱ्या अल्बममधलं पहिलं गाणं. सून घाई करेल अशी काकांना भीती होती. ती करत नव्हती. तिनं डोळे मिटले होते आणि भिंतीला कान लावावा तशी मान एका अंगाला कलती केली होती, जणू पलीकडचे कधी बंद करतील याचा भरवसा नव्हता. काकांनी ते पाहिलं आणि ते खाली, पाण्याच्या पिंपाच्या कडेवर बसले. बऱ्याच वर्षांत पहिल्यांदाच हंडा चालू असताना ते बसले होते.

दोन गाणी झाली, तिसरं मधेच होतं, आणि काकांनी हात वर केला. “इथं गादी होती.”

आज गादी लागली नव्हती. सुनेनं दांडा वर धरला आणि मोकळ्या हातानं फोन थांबवला. पण किती वेळ थांबायचं? काका उठले, घसा खाकरला आणि त्या खणखणीत माणसाच्या आवाजात, एकही शब्द न गाळता, ती जाहिरात म्हणून दाखवली. तुमची पाठ तुम्हाला काय सांगते. रात्रभर कूस बदलता का. आजच घरी आणा. शेवटी फोन नंबरही म्हटला.

वहिनी हसायला लागल्या. तोंडावर पदर नव्हता, हात नव्हता, काही नव्हतं, स्टूल करकरेपर्यंत हसल्या, आणि मग डोळे पुसत म्हणाल्या, “चालू करा आता, नाहीतर कोट फिका राहायचा.”

बाई परत आल्या. गाणं, मग गाणं. वाफेत व्हिनेगरचा वास, छपरावर कबुतरांच्या चालण्याचा आवाज. मग ते गाणं लागलं. पहिलं कडवं गेलं. दुसरं सुरू झालं तसं काकांच्या लक्षात आलं की आता मधेच तोडावं लागणार. मुलगा झाला तेव्हा जे केलं नाही ते आता. त्यांनी हात उचलला खरा, पण ‘आता’ म्हणायला जीभ उचलेना. ‘परत’ हा शब्द आला.

सुनेनं दांडा टाकला आणि फोनवर बोट ठेवलं. अगदी तिथेच.

कोट वर आला. वाळेपर्यंत दुकानात कुणाला चैन नव्हतं. काका तीनदा जाऊन त्याच्या बाहीला हात लावून आले, आणि बायकोनं घरून निरोप पाठवला, की बाजू संपली असेल तर जेवायला या. दुसऱ्या दिवशी वहिनी आपला कोट घेऊन आल्या. टेबलावर दोन्ही शेजारी शेजारी मांडले. सुनेनं दार पूर्ण उघडलं, ऊन आत आलं. दोन्ही निळे. दार लोटलं, दोन्ही रात्र.

सुनेनं ते दोन कोट उचलले, एकमेकांत फिरवले, घड्या घातल्या आणि परत ठेवले. काकांनी पाहिलं. इतकी वर्षं कापड हाताळूनही कुठला कुणाचा ते त्यांना सांगता आलं नाही. त्यांच्या जिवावरचं ओझं उतरलं आणि त्याच जागी दुसरं काहीतरी येऊन बसलं.

वहिनींनी हलक्या हातानं एका कोटाच्या डाव्या खिशात बोटं घातली. मग दुसऱ्याच्या. मग पुन्हा पहिल्याच्या. काकांना कळलं त्या काय शोधतायत. तारा जोडायची गरम कांडी रेडिओवाल्यानं एकदा तशीच खिशात टाकल्यानं त्याच्या कोटाच्या अस्तराला भोक पडलं होतं, त्यानं ते कधी शिवू दिलं नव्हतं. सुटे पैसे तिथून आत गळून कोटाच्या टोकाशी साचायचे, त्याला तो बचत म्हणायचा. मुलींना ओळखू येता कामा नये, पण आपल्याला येईल, असा वहिनींचा मनातल्या मनात बेत होता. आणि आता भोक नव्हतं.

सून पुढं आली, आवाज खाली आणून म्हणाली, “काकू, चुकलंच माझं. रीतीनं शिवून टाकलं. पण अगदी तळाशी, कोपऱ्यात बघा. गाठ लागेल हाताला. माहीत नसेल त्याला नाही लागायची.”

वहिनींची बोटं एका खिशात खोल गेली आणि थांबली. कुठल्या, ते काकांनी मुद्दाम पाहिलं नाही. ते फळीकडे तोंड करून फडकं झटकत होते. मग वहिनींनी दोन्ही कोट पिशवीत घातले, पण त्या निघाल्या नाहीत. स्टुलावर बसल्या.

“ते गाणं अर्धंच राहिलं,” त्या म्हणाल्या.

हंडा थंड होता. रंगवायला काही नव्हतं. सुनेनं फोन काढला आणि ते गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं, पुढं ढकललं नाही. काका पिंपाच्या कडेवर, वहिनी स्टुलावर, सून दाराच्या चौकटीला टेकून. ‘परत’ आला आणि गेला, आणि त्याच्या पुढं काय होतं ते तिघांनी ऐकलं. काही विशेष नव्हतं तसं. बाई दमलेल्या होत्या, कडवं ओढत ओढत शेवटाला नेत होत्या. काकांना ते फार आवडलं.

शेवटचा सूर आला. सुनेचा अंगठा आधीच तयार होता. पुढचं गाणं लागायच्या आत तिनं फोन बंद केला, आणि दुकानात खरखरही नसलेली शांतता पडली. काकांनी गुडघ्यावर हात ठेवले आणि सवयीनं उठायला निघाले, बाजू उलटायला.

“बसा बाबा,” सून म्हणाली.

काका बसले.